वजन, काटा आणि गट : वाचकांचे प्रश्न

वजन कमी करणाऱ्यांना साथ देणाऱ्या संस्था आणि गट यांच्याविषयी बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. ज्या उत्तराला जागा लागते त्याला ती दिली आहे, बाकीची थोडक्यात.

प्रश्न : डॉक्टरांनी दहा किलो कमी करायला सांगितलं आणि एखाद्या गटात नाव घाला म्हणाले. काय खायचं, किती चालायचं हे मला पाठ आहे. मग वर्गणी भरून चारचौघांत काट्यावर उभं राहायचं कशासाठी?

उत्तर : काय खायचं हे बहुतेकांना पाठ असतंच. गाडी अडते ती पाचव्या-सहाव्या आठवड्यात, सुरुवातीचा उत्साह ओसरल्यावर. गट त्या आठवड्यांसाठी असतो. ठरल्या वारी, ठरल्या वेळी कुणीतरी तुमची वाट पाहत असतं आणि गेल्या वेळी तुम्ही काय ठरवलं होतं ते वहीत लिहिलेलं असतं. एवढंच गटाचं भांडवल.

फरक किती पडतो? 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात 423 जणांची दोन वर्षं नोंद ठेवली होती. आपलं आपण करणाऱ्यांचं वजन दोन वर्षांनी सरासरी 0.2 किलोने कमी होतं, तर वेट वॉचर्स या व्यावसायिक संस्थेच्या गटात जाणाऱ्यांचं 2.9 किलोने. त्याच संस्थेचे गट घेऊन ब्रिटनमध्ये झालेला 2017 चा अभ्यास आणखी बोलका आहे. नुसती पुस्तिका आणि थोडा सल्ला मिळालेल्यांचं वजन वर्षाअखेर 3.26 किलोने उतरलं होतं, 12 आठवड्यांचा गट मिळालेल्यांचं 4.75 किलोने आणि 52 आठवड्यांचा मिळालेल्यांचं 6.76 किलोने. दोन्ही अभ्यासांत कंपनीचा पैसा होता हे ध्यानात ठेवा, तरी मुदतीचा हा चढता क्रम दुर्लक्ष करण्याजोगा नाही. तीन महिन्यांचं पॅकेज की वर्षाची वर्गणी असा प्रश्न असेल तर आम्ही वर्षाच्या बाजूने. फक्त मधेच सोडल्यास पैसे परत मिळतात का, हे भरण्याआधी विचारा.

जाहिरातींपुढे हे आकडे किरकोळ वाटतील. पण 90 किलोच्या माणसाचे साडेचार किलो गेले, म्हणजे 5 टक्के, की रक्तदाब आणि साखर यांत फरक दिसायला लागतो. 2002 सालच्या अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमात उद्दिष्ट होतं 7 टक्के वजन आणि आठवड्याला 150 मिनिटं चालण्यासारखा व्यायाम. तेवढ्याने मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. तेव्हा दहा किलो मनात असू द्या, पण वहीत पहिलं उद्दिष्ट 5 टक्क्यांचं लिहा.

आणि चारचौघांत काट्यावर उभं करणारा गट असेल, तर तो सोडून दुसरा बघा. बऱ्या गटात वजन आडोशाला होतं आणि आकडा फक्त दोघांना कळतो.

प्रश्न : अशा जुन्या, नावाजलेल्या संस्था कोणत्या? त्यांच्यात फरक काय?

उत्तर : चार नावं सांगतो, कारण बाकीचे बहुतेक गट यांपैकी कुणाच्या तरी वळणावर गेलेले असतात.

टॉप्स ही 1948 साली एस्थर मान्झ यांनी अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात सुरू केली. ना-नफा संस्था, वर्गणी माफक. दर आठवड्याला खासगीत वजन आणि मग बैठक. गट चालवणारे सभासदच असतात आणि आपलं उद्दिष्ट वजन सभासद आपल्या डॉक्टरांकडून ठरवून आणतात. ते गाठलेल्यांना संस्थेत वेगळं नाव आहे, ‘कॉप्स’, म्हणजे उतरवलेलं वजन उतरलेलंच ठेवणारे. आम्हाला ही छोटी गोष्ट फार शहाणपणाची वाटते, कारण उद्दिष्ट गाठलेला माणूस तिथे बाहेर पडत नाही, त्याला पुढचं काम मिळतं.

ओव्हरईटर्स अनॉनिमस 1960 साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाली. दारू सोडवणाऱ्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बारा पायऱ्यांवर ती उभी आहे. फी नाही, इच्छा असेल तर पेटीत टाकायचं. काटाही नाही! आहाराचा तक्ताही संस्था देत नाही. खाण्यावरचा ताबा सुटतो आणि तो परत हवा आहे, एवढीच सभासद होण्याची अट. नव्या माणसाला एक जुना माणूस स्पॉन्सर म्हणून मिळतो. अडचणीच्या क्षणी फोन त्याला. संस्थेची भाषा आध्यात्मिक वळणाची आहे. कुणाला ती भावते, कुणाला खटकते. दोन-तीन बैठकांना बसून बघावं.

वेट वॉचर्सचा उगम 1961 मध्ये जीन निडेच यांनी न्यूयॉर्कमधल्या क्वीन्स भागात आपल्या घरी मैत्रिणींना जमवलं त्यात आहे, कंपनी झाली 1963 साली. ही व्यावसायिक संस्था. पदार्थांना गुण दिलेले असतात आणि दिवसाला गुणांचं बजेट. मोजायला ज्याला आवडतं त्याचं इथे जमतं. ब्रिटनमधली स्लिमिंग वर्ल्ड 1969 ची. तिथे वजनानंतरची गटचर्चा हा मुख्य भाग, आणि गट घेणारी व्यक्ती सहसा स्वतः वजन उतरवलेली सभासद असते.

प्रश्न : ओळखीच्या एकीने ‘मोफत तपासणी’ म्हणून एका क्लबात नेलं. यंत्रावर उभं केलं, शरीराचं वय 61 सांगितलं (मी 44 वर्षांची आहे) आणि महिनाभराचे पावडरचे डबे पुढे ठेवले. हाही मदत करणारा गटच ना?

उत्तर : ते दुकान आहे. गटासारख्या खुर्च्या मांडलेलं.

यंत्राचं आधी सांगतो. तळपायांतून अतिशय सौम्य वीज सोडून शरीर तिला किती अडवतं हे यंत्र मोजतं आणि त्यावरून चरबीचा अंदाज बांधतं. विजेची वाट पाण्यातून जाते, म्हणून पाणी कमी प्यायलेलं असेल, नुकताच व्यायाम किंवा जेवण झालेलं असेल तर आकडा हलतो. ‘शरीराचं वय’ हे तर यंत्र बनवणाऱ्याचं स्वतःचं सूत्र आहे. तुमचे डॉक्टर ते कुठल्याही कागदावर लिहिणार नाहीत.

पावडर मुळातच वाईट असं आम्ही म्हणत नाही. ब्रिटनमधल्या डायरेक्ट अभ्यासात मधुमेहाच्या रुग्णांना तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे 825 ते 853 कॅलरींचं तयार पेय दिलं गेलं आणि वर्षाअखेर त्यांच्यातल्या 46 टक्के जणांचा मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात होता. पण तिथे सुरुवातीलाच डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधं बंद केली होती, नंतर टप्प्याटप्प्याने रोजचं जेवण परत आणलं आणि पुढे नियमित पाठपुरावा होता. डब्याबरोबर यातलं काहीच येत नाही.

कुठल्याही गटात पहिल्या दिवशी चार गोष्टी विचाराव्यात. मी काही विकत घेतलं तर पैसे कुणाच्या खिशात जातात? गट घेणाऱ्याचं प्रशिक्षण काय, किती दिवसांचं? वजन उतरल्यानंतरच्या वर्षात गट काय करतो? आणि सगळ्यात महत्त्वाचं : ज्याचं वजन या आठवड्यात वाढलं त्याच्याशी इथे काय बोलतात? शेवटचा प्रश्न तोंडाने विचारूच नका, एक बैठक मागे बसून बघा. वाढलेल्याला टोमणे बसत असतील किंवा त्याच्याकडे कुणी बघतच नसेल, तर एक दिवस तिथे तुम्ही असणार आहात.

महिन्यात दहा किलोची हमी मिळाली तर तिथूनच परता. आठवड्याला अर्धा ते एक किलो ही साधारण सुरक्षित गती. दीड किलोच्या वर सतत गेलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

प्रश्न : दोन महिने गटात आहे. सगळ्यांचं उतरतंय, माझं तेवढं कधी वर कधी खाली. लाज वाटून मागच्या दोन बैठकांना दांडी मारली.

उत्तर : तुम्ही पाठवलेले आठ आठवड्यांचे आकडे पुढे ठेवूनच बोलू : 82.6, 81.9, 82.8, 81.7, 81.4, 82.3, 81.0, 81.3. तिसऱ्या आठवड्यात 900 ग्रॅम वाढ, सहाव्यात पुन्हा 900. या दोन आठवड्यांनी तुम्हाला घाबरवलंय. आता पहिल्या चारांची सरासरी काढा, 82.25 येते. पुढच्या चारांची 81.5. म्हणजे पाऊण किलो खाली. गती मंद आहे, पण दिशा बरोबर आहे.

एका आठवड्यात 900 ग्रॅम चरबी चढायला गरजेपेक्षा सुमारे 7000 कॅलरी जास्त खाव्या लागतील. तेवढं तुम्ही खाल्लेलं नाही. ते पाणी असतं : खारट जेवण, बद्धकोष्ठता, नव्या व्यायामाने दुखरे झालेले स्नायू, स्त्रियांमध्ये पाळीच्या आधीचे दिवस. पहिल्या आठवड्यात काहींचे दोन-तीन किलो झर्रकन उतरतात तीही मुख्यतः पाण्याचीच करामत. शरीरातला साखरेचा साठा वापरला जातो आणि त्याच्या एका ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी निघून जातं. तेव्हा शेजारणीच्या पहिल्या आठवड्याशी आपल्या सहाव्याची तुलना नको.

तरीही गती वाढवायची असेल तर सात दिवस खाल्लेलं सगळं लिहा, खाताना, रात्री आठवून नव्हे. वहीत सगळ्यात जास्त निसटतं ते तेल. एक मोठा चमचा, 15 मिलिलिटर, म्हणजे सुमारे 120 कॅलरी. भांड्यात अंदाजाने ओतलं तर दोन-तीन चमचे कधी गेले कळत नाही. आठवडाभर चमच्याने मोजून घाला, मग बघा.

या आठवड्याच्या बैठकीला जा. वजन करायचं नसेल तर ‘आज काट्यावर नको’ म्हणा, पण खुर्चीत बसा.

प्रश्न : मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. गटात नाव घालण्याआधी काय करावं?

उत्तर : डॉक्टरांना गटाचा आहार दाखवा, सुरू करण्याआधी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या चालू असताना जेवण एकदम कमी केलं तर साखर घसरते. 70 च्या खाली गेली की 15 ग्रॅम ग्लुकोज, 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी. ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येतं, त्या घेताना पिष्ट पदार्थ जवळजवळ बंद करणारा आहार धोक्याचा, कारण साखर फार न वाढताही रक्तात आम्लता वाढू शकते. रक्तदाबाच्या गोळ्या असतील आणि उठताना चक्कर येऊ लागली तर तेही कळवा. डोस स्वतः कमी करू नका, गटप्रमुखाच्या सांगण्यावरून तर नाहीच.

प्रश्न : ऑफिसातल्या आम्ही दहा-बारा जणी मिळून स्वतःचाच गट काढायचं म्हणतोय. बक्षीस ठेवून स्पर्धा घ्यावी का? सुरुवात कशी करावी?

उत्तर : स्पर्धा नको. शेवटच्या वजनाच्या आदल्या दिवशी माणसं पाणीसुद्धा पीत नाहीत, जिंकतात, आणि चार दिवसांत सगळं परत येतं. हरलेल्या पुढच्या बैठकीला येत नाहीत, आणि ज्यांना गटाची जास्त गरज असते त्याच सहसा हरतात. वजन वाढलं की दंड, हाही प्रकार टाळा. बक्षीस द्यायचंच असेल तर हजेरीला द्या.

बाराजणींनी सुरू करा, तीन महिन्यांनी आठ उरतील असं धरून. वार आणि वेळ कायमची, सव्वा तासापेक्षा जास्त नाही. पहिली पंधरा मिनिटं वजन. खोलीचा कोपरा पडद्याने किंवा कपाटाने आडवा करा, एका वेळी एकच जण आत. काटा डिजिटल, कडक फरशीवर, चारही पाय टेकलेले. गालिच्यावर ठेवलेला काटा खोटं बोलतो. त्याची क्षमता आधी बघा : 120 किलोच्या काट्यावर 124 किलोची मैत्रीण उभी राहिली आणि चुकीची खूण झळकली तर ती पुन्हा येणार नाही. 200 किलोचा घ्या. तपासायला सोपी रीत आहे. एकीने रिकामा कॅन हातात धरून वजन करायचं, मग त्यात 10 लिटर पाणी मोजून भरून पुन्हा. फरक 10 किलोच्या आसपास, शे-दोनशे ग्रॅमच्या आत यायला हवा. त्याहून जास्त असेल तर आधी बॅटरी बदला, तरी तसंच राहिलं तर काटा. चपला, पट्टा, मोबाइल, किल्ल्या बाजूला, आणि दर वेळी साधारण तसेच कपडे.

आकडा दोन ठिकाणी लिहायचा : तिच्या वहीत आणि एका रजिस्टरमध्ये. ते रजिस्टर एकीच्याच कुलपात. भिंतीवर तक्ता लावायचा नाही, मोबाइलवरच्या गटात वजनं आणि फोटो टाकायचे नाहीत. ऑफिसात हे दुप्पट पाळा, कारण वरिष्ठ आणि हाताखालची एकाच खोलीत असते.

नंतरचा वेळ बोलण्याचा. प्रत्येकीने दोन मिनिटांत सांगायचं, किलो किती ते नव्हे, गेल्या वेळी ठरवलेलं झालं की नाही आणि कुठे अडलं. मग वीस-पंचवीस मिनिटं एकच विषय : पाकिटावरचा पोषणतक्ता वाचणं, संध्याकाळची भूक, बाहेरचं जेवण. शेवटची दहा मिनिटं मात्र गप्पांत जाऊ देऊ नका. प्रत्येकीने पुढच्या आठवड्याचं एक काम लिहायचं. ‘कमी खाईन’ हे काम नव्हे. ‘सोमवार, बुधवार, शुक्रवार ऑफिस सुटल्यावर घरी बसण्याआधी 30 मिनिटं चालेन’ हे काम. पुढच्या वेळी त्याचं उत्तर हो किंवा नाही असंच येतं, आढेवेढे घ्यायला जागा राहत नाही.

जोड्या लावा. जी आली नाही तिला तिच्या जोडीदारणीने त्याच संध्याकाळी फोन करायचा. एक दांडी चालते, सलग दोन झाल्या की तिसरीला परत येणं अवघड होतं. फोनवर वजनाचा विषय काढायचा नाही, ‘पुढच्या मंगळवारी येतेस ना?’ एवढंच.

बोलघेवडी एक असतेच. तिला वेळ मोजायचं काम द्या. आणि कुणी काय खावं, कुठलं औषध घ्यावं हे गटाने ठरवायचं नाही. गरोदर, स्तनपान देणाऱ्या, इन्सुलिनवर असलेल्या, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्या मैत्रिणींनी आधी डॉक्टरांना विचारावं. जिचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) 18.5 च्या खाली आहे तिला प्रेमाने पण ठामपणे नाही म्हणा.

प्रश्न : दिवसभर काटेकोर राहते, रात्री मात्र ताबा सुटतो, पोट दुखेपर्यंत खाते. गटाने फायदा होईल?

उत्तर : आधी डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ, मग गट. थोड्या वेळात खूप खाणं, थांबवता न येणं, नंतर अपराधी वाटणं, हे आठवड्यातून एकदा तरी आणि तीन महिने चालू असेल तर तो बिंज ईटिंग डिसऑर्डर असू शकतो. हा इच्छाशक्तीचा प्रश्न नव्हे, त्यावर उपचार आहेत. बोधात्मक वर्तनोपचार (सीबीटी, म्हणजे तज्ज्ञाशी बोलत विचार आणि सवयी बदलणं) त्यात पहिला. दर आठवड्याचा काटा आणि कॅलरींची वही अशा वेळी आगीत तेल ओतू शकतात, कारण दिवसभराची उपासमारच बऱ्याचदा रात्रीच्या खाण्याची तयारी करत असते. दिवसाचं जेवण वेळेवर आणि पुरेसं घेणं ही उपचाराची पहिली पायरी असते. उपचारांच्या जोडीला गट हवा असेल तर काटा नसलेला बघा. ओकून टाकणं किंवा जुलाबाच्या गोळ्या घेणं सुरू असेल तर थांबू नका, रक्तातलं पोटॅशियम घसरलं की हृदयाला धोका असतो.

प्रश्न : वजन उतरवण्यासाठी आठवड्याचं इंजेक्शन घेतो. गटातले म्हणतात, ही लबाडी आहे.

उत्तर : चष्मा लावणं लबाडी असेल तर हीही असेल. सेमाग्लुटाइड या अशाच इंजेक्शनाच्या 2021 च्या चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी 14.9 टक्के वजन उतरलं, नुसत्या आहार-व्यायामाच्या सल्ल्यावर असलेल्यांचं 2.4 टक्के. मात्र औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आलं. म्हणून इंजेक्शन घेणाऱ्यालाही गट लागतो, फक्त काम वेगळं असतं : भूक नसतानाही पुरेशी प्रथिनं पोटात जातात का, आठवड्यातून दोनदा वजन उचलण्याचा व्यायाम होतो का (चरबीबरोबर स्नायूही जातात), डोस वाढल्यावर मळमळ होत असेल तर जेवण लहान केलं का. वेट वॉचर्सनेही 2023 पासून अशा औषधांची वैद्यकीय सेवा जोडून घेतली आहे. तुमच्या गटाला हे पटत नसेल तर गट बदला.

प्रश्न : उद्दिष्ट गाठलं, 11 किलो उतरले. आता गट सोडू?

उत्तर : वारंवारता कमी करा, नाव काढू नका. अमेरिकेत 1994 साली एक नोंदवही सुरू झाली, किमान 13.6 किलो उतरवून ते वर्षभर टिकवलेल्यांची. त्यांच्यातले बहुतेक जण आठवड्यातून एकदा तरी काट्यावर उभे राहतात आणि दिवसाला सरासरी तासभर हालचाल करतात.

2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत वजन उतरवलेल्या 314 जणांना 18 महिने पाहिलं. फक्त पत्रकं मिळालेल्यांपैकी 72.4 टक्के जणांचं वजन 2.3 किलो किंवा जास्त परत वाढलं, समोरासमोर भेटणाऱ्या गटात 45.7 टक्के जणांचं. त्या गटाची पद्धत घरी वापरता येते. रोज वजन करायचं आणि उद्दिष्टापासूनच्या फरकाला रंग द्यायचा. 1.4 किलोपर्यंत हिरवा, आहे तसं चालू ठेवा. त्यापुढे पिवळा : खाण्याची वही पुन्हा उघडा, काय बदललं ते शोधा. 2.3 किलोला लाल : वजन उतरवताना पाळलेला आराखडा जसाच्या तसा परत सुरू करा आणि त्याच आठवड्यात गटाला फोन करा. उतरवतानाच्या वह्या त्यासाठी जपून ठेवा, रद्दीत घालू नका.